धाकटा झोपलाय आणि किक सापडत नाही

हेडफोनवर इलेक्ट्रॉनिक संगीत मिक्स करणाऱ्यांकडून, म्हणजे वेगवेगळे आवाज एकमेकांशी बसवून ट्रॅक करणाऱ्यांकडून, गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत तांत्रिक अडचण चार ओळींत आणि घरातल्या माणसांची अडचण पानभर, असंच बहुतेकांचं आहे. मला त्याचं नवल वाटलं नाही. स्पीकर नाहीत म्हणून हेडफोन लावणाऱ्यांपेक्षा पलीकडे कुणीतरी झोपलंय म्हणून लावणारे जास्त असतात, आणि मीही त्यातलीच. काहींनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून सगळ्यांचीच टोपणनावं ठेवली आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी आणि माझा धाकटा भाऊ एकाच खोलीत राहतो. तो दहाला झोपतो आणि माझं काम तेव्हा कुठे सुरू होतं. टेक्नो करतो, १३० बीपीएम (मिनिटाला ठोके), बेसलाइन म्हणजे खालच्या सुरांची चाल बहुतेक वेळा एफ स्वरात. सगळ्यांनी सांगितलं म्हणून सेनहायझरचे एचडी ६०० घेतले. आता भाऊ म्हणतो, रात्रभर ‘त्स त्स’ चालू असतं, झोप लागत नाही. दुसरी गोष्ट, हेडफोनवर किक (ड्रमचा खालचा ठोका) आणि बेस मस्त बसलेले वाटतात, पण मित्राच्या मोठ्या स्पीकरवर लावलं की खाली नुसता गलका होतो, किक सापडतच नाही. मित्राचं म्हणणं, हेडफोनवर मिक्स होतच नसतं. खरं आहे का?
– वरच्या बंकवरचा

उत्तर : मित्राला सांग, होतं. पण तुझं घोडं अडलंय ते वेगळ्या जागी. तुझ्या हेडफोनला ज्या गोष्टीतलं कमी कळतं नेमकी तीच तू त्याला विचारतोयस, आणि तीही रात्री, हळू आवाजात.

आधी धाकट्याचं बघू, कारण तक्रार त्याची रास्त आहे. एचडी ६०० हे ओपन-बॅक हेडफोन आहेत. कपाच्या मागे जाळी असते आणि ड्रायव्हरची, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरची, पाठ खोलीकडे उघडी असते. जितका आवाज तुझ्या कानाकडे जातो, जवळपास तितकाच मागच्या बाजूनं बाहेर पडतो. मग भावाला फक्त हाय-हॅट (झांजेचे आवाज) का ऐकू येतात, किक का नाही? कारण ड्रायव्हरच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या लाटा एकमेकींच्या उलट असतात. खालच्या फ्रीक्वेन्सींच्या लाटा लांबलचक असल्यामुळे थोड्याच अंतरावर त्या एकमेकींना खोडून टाकतात. वरच्या फ्रीक्वेन्सी मात्र शिल्लक राहतात. त्यामुळे तुला टेक्नो आणि त्याला ‘त्स त्स’. यावर उशी, पांघरूण वगैरे उपाय नाहीत. रात्रीसाठी क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद, हेडफोन लागतील. बायरडायनॅमिकचे डीटी ७७० प्रो, सोनीचे एमडीआर-७५०६, ऑडिओ-टेक्निकाचे एटीएच-एम५०एक्स, यांतलं कुठलंही चालेल. एमडीआर-७५०६ तर १९९१पासून स्टुडिओंत आहेत आणि त्यांचे गुणदोष लोकांना पाठ झालेत, ही मला मोठी सोय वाटते. जुने मागून घेतलेस तरी हरकत नाही, फक्त कानावर टेकणारे पॅड नवे बसव.

एचडी ६०० विकू नकोस. मी कामाची वाटणी करते : रात्री बंद हेडफोनवर सूर शोधणं, आवाज घडवणं, मांडणी, कापाकापी, ऑटोमेशन. घर रिकामं असेल किंवा सगळे जागे असतील तेव्हा उघड्या हेडफोनवर बॅलन्स, म्हणजे कुठला आवाज किती मोठा ते ठरवणं. भाऊ क्लासला किंवा खेळायला जातो तो तास बॅलन्सचा. तुला वाटेल, एका तासात काय होणार? बॅलन्स खरं तर तासाभरातच करायचा असतो, त्यापुढे कान आपल्याला खूश करायला लागतात.

आता किक. एचडी ६०० मधल्या पट्ट्यात अतिशय प्रामाणिक आहेत, गायन, सिंथ, रिव्हर्ब (घुमारा) यांबद्दल त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेव. पण १०० हर्ट्झच्या खाली त्यांचा आवाज हळूहळू उतरत जातो, आणि ४०-५० हर्ट्झपर्यंत चांगलाच खाली आलेला असतो. तुझी बेसलाइन एफमध्ये, म्हणजे मूळ स्वर ४३.७ हर्ट्झ. किकचं मूळ बहुधा ५०च्या आसपास. दोघंही त्याच उतारावर बसलेत. तुला ते कमी ऐकू आले, तू ते वाढवलेस.

त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे रात्रीचा हळू आवाज. माणसाचा कान हळू आवाजात खालच्या फ्रीक्वेन्सी फार कमी ऐकतो. बेल लॅब्स या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ साली मोजून मांडलं. आवाज वाढवला की बेस इतर सगळ्यांपेक्षा वेगानं वर येतो. म्हणजे तुझ्या मिक्समध्ये बेस दोनदा वाढला, एकदा हेडफोनच्या उतारामुळे आणि एकदा रात्रीमुळे. मित्राच्या स्पीकरनं दोन्हींचा हिशोब एकदम मागितला.

मित्राच्या खोलीचाही थोडा हात असणार. लहान खोलीत काही ठरावीक फ्रीक्वेन्सी कोपऱ्यांत साचतात आणि घुमतात. पुढच्या वेळी त्याच्याकडे गेलास की आधी एखादा व्यवस्थित मास्टर झालेला (प्रकाशनासाठी शेवटचा हात फिरवलेला) टेक्नो ट्रॅक लाव. तोही घुमला तर तेवढा दोष खोलीचा, आणि तो दुरुस्त करायला मिक्समध्ये हात घालू नकोस.

आता काय करायचं ते. हेडफोनला एक गोष्ट स्पीकरपेक्षा बरी कळते, ती म्हणजे आवाजाची लांबी. खोलीत किकची शेपूट, म्हणजे ठोक्यानंतर विरत जाणारा भाग, भिंतींवर आपटून लांबते, ती मुळात कुठे संपली ते कळत नाही. हेडफोनवर ती जिथे संपते तिथेच संपते. म्हणून बेसची उंची, म्हणजे आवाजाची पातळी, मीटरला विचार आणि लांबी कानाला.

हे करून बघ. आवडता ट्रॅक रेफरन्स म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, प्रोजेक्टमध्येच एका चॅनेलवर टाक. तो मास्टर झालेला असल्यामुळे तुझ्यापेक्षा मोठ्यानं वाजेल. लाउडनेस मीटर लावून त्याचा गेन तुझ्या मिक्सच्या पातळीला उतरव, नाहीतर जे मोठ्यानं तेच चांगलं वाटणार. मग मास्टरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात त्या चॅनेलवर, १०० हर्ट्झचा लो-पास फिल्टर लाव, चांगला तीव्र उताराचा. आता वरचं सगळं गेलं, राहिला फक्त तळ. बंद हेडफोनवर, नेहमीपेक्षा जरा मोठ्या आवाजात, आधी रेफरन्सचा तळ ऐक. किक येते, थांबते, मध्ये श्वासाएवढी जागा, मग बेस. आता तुझा ऐक. मला खात्री आहे, तुझ्याकडे ती जागा नसेल.

१३० बीपीएमला एक ठोका सुमारे ४६० मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा भाग ११५. तुझी बेसलाइन किकनंतरच्या पहिल्याच पाव ठोक्यावर येत असेल आणि किकची शेपूट ३००-३५० मिलिसेकंद चालत असेल, तर ५० आणि ४३.७ हर्ट्झ बराच वेळ एकत्र वाजतात. इतक्या जवळच्या दोन फ्रीक्वेन्सी एकत्र वाजल्या की त्यांच्या फरकाइतकी, म्हणजे सेकंदाला सहाएक वेळा, धडधड तयार होते. मित्राकडे ऐकू आलेला गलका तो हाच. साइडचेन लावून किक वाजताना बेस आपोआप दाबणं हा एक मार्ग. मी शेपूट कापणाऱ्यांपैकी आहे. ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांत होतं, म्हणजे ११५मध्ये पाच पूर्ण आवर्तनं बसतात. किकला वजन यायला तेवढी पुष्कळ झाली. फेड (शेवटचा उतार) मात्र हळुवार ठेव, नाहीतर कापल्या जागी ‘टिक’ येते आणि ती हेडफोनवर लगेच ऐकू येईल.

आता लो-पास काढ. उंचीसाठी स्पेक्ट्रम अॅनालायझर, कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती आवाज आहे ते तो दाखवतो. व्हॉक्सेंगोचा स्पॅन फुकट मिळतो आणि पुरतो. सरासरीचा वेळ लांब ठेव, पडदा नाचत राहिला तर काही समजत नाही. रेफरन्सचा खालचा डोंगर आणि मधला पठाराचा भाग यांत किती डेसिबलचा फरक आहे ते बघ, मग तुझा बघ. सहा डेसिबलनं तुझा डोंगर उंच निघाला तर कान काहीही सांगोत, बेसचा फेडर (पातळीची पट्टी) खाली घे. एक-दोन डेसिबलच्या फरकासाठी जीव टाकू नकोस, तो आवडीचा भाग.

शेवटी उलटी परीक्षा : मास्टरवर २०० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे खालचं कापणारा फिल्टर, लावून ऐक. फोनच्या स्पीकरमधून साधारण एवढंच ऐकू येतं. बेसलाइनची चाल अजून कळते का? कळत नसेल तर बेसवर थोडं सॅच्युरेशन (आवाजाला किंचित खरखरीत करणारा परिणाम) दे. त्यानं ८७, १३१, १७५ हर्ट्झ आणि त्यापुढचे हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले सूर) तयार होतात, आणि मूळ स्वर वाजत नसला तरी मेंदू तो त्यांच्यावरून भरून काढतो. परीक्षा झाली की हाही फिल्टर काढून टाक. दोन्ही काढले की नाही हे एक्स्पोर्टच्या, म्हणजे शेवटची फाइल काढण्याच्या, आधी पुन्हा बघ.

आणि ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे हेडफोन जोडतोस त्या यंत्राच्या, नॉबवर एक खूण कर, रंगाचा ठिपका चालेल. बॅलन्स करताना नॉब त्या खुणेवरच. रात्री खुणेखाली असशील तेव्हा बेसच्या फेडरला हात लावायचा नाही, हा नियम कर.

प्रश्न : माझे पॅड (मागे पसरणारे लांब सूर) आणि लीड (मुख्य चालीचा आवाज) हेडफोनवर अगदी डोक्याभोवती पसरलेले ऐकू येतात, फार छान वाटतं. पण एका कार्यक्रमात ट्रॅक लागला तेव्हा मुख्य लीड जवळजवळ गायब झाला होता. साउंडवाल्यांनी काहीतरी केलं असेल का?
– दोन्ही कानांची

उत्तर : साउंडवाल्यांनी केलं असेल ते एवढंच की डावं-उजवं एकत्र करून मोनो वाजवलं. मोठ्या जागेत सगळ्यांना सगळं ऐकू यावं म्हणून ते बऱ्याचदा करावं लागतं, त्यांना दोष देऊ नका.

लीड रुंद करायला तुम्ही एका बाजूला काही मिलिसेकंदांचा डिले (उशीर) दिला असणार. हेडफोनवर डावा चॅनेल डाव्या कानात, उजवा उजव्या कानात, हवेत त्यांची गाठच पडत नाही. म्हणून ही युक्ती तिथे कधीच उघडी पडत नाही. मोनोत दोन्ही एकमेकांवर पडले की १० मिलिसेकंदांच्या डिलेमुळे ५०, १५०, २५०, ३५० अशा क्रमानं हर्ट्झवर खड्डे पडत जातात, म्हणजे तिथला आवाज नाहीसा होतो. आणि रुंदी देणाऱ्या प्लगइननं (सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमनं) एका बाजूची पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, उलटवली असेल तर खड्डे कसले, आवाजच जातो.

मास्टरवर मोनोचं बटण हाताशी ठेवा आणि लीड बसवताना दर थोड्या वेळानं दाबा. कोरिलेशन मीटर (डावं-उजवं किती जुळतं ते दाखवणारा) +१ आणि शून्य यांच्यामध्ये राहिला तर ठीक, लीड एकटा वाजवल्यावर तो सारखा शून्याखाली जात असेल तर धोका. रुंदी हवीच असेल तर लीडचे दोन वेगळे आवाज वाजवा, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मध्ये एक कोरडा मोनो. मोनोत पसारा गेला तरी मधला टिकतो. १२० हर्ट्झच्या खाली रुंदी ठेवूच नका.

उलट बाजूही आहे. स्पीकरवर ऐकताना डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही पोचतो, पाव मिलिसेकंदानं उशिरा आणि डोक्याच्या आडोशामुळे वरच्या फ्रीक्वेन्सी कमी होऊन. हेडफोनवर हे घडत नाही म्हणून थोडंसं पॅन केलेलं, म्हणजे एका बाजूला सरकवलेलंही, खूप बाजूला वाटतं आणि माणूस हात आखडतो. स्पीकरवर तेच मिक्स अरुंद आणि कोरडं निघतं. बेंजामिन बाउअर या ध्वनितंत्रज्ञांनी १९६१मध्येच यावर क्रॉसफीडचा उपाय मांडला होता : दोन्ही बाजूंचा थोडा आवाज उशीर करून पलीकडे सोडायचा. आज त्याची प्लगइन्स आहेत, काही फुकट. मी ते पॅनिंग आणि रिव्हर्ब ठरवताना लावते, नंतर काढते. सतत लावून ठेवलं तर मला सगळं किंचित धुरकट वाटू लागतं. काहींना नाही वाटत.

ते मास्टर चॅनेलवर मात्र ठेवू नका, एक्स्पोर्टमध्ये जाईल. रीपर या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉनिटरिंग एफएक्स अशी वेगळी जागाच आहे, ती फाइलमध्ये उतरत नाही. इतर सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय शोधा, किंवा संगणकाच्या आउटपुटवर लावा.

प्रश्न : कानात घालायचे ब्लूटूथ इअरबड चालतील का? घरात कुणाला काही कळणारसुद्धा नाही.
– बिनतारी

उत्तर : ऐकायला चालतील, मिक्सिंगला नाही. की दाबली आणि आवाज दहावा-पाचवा हिस्सा सेकंदानं आला तर तालात वाजवणार कसं? वर आवाजातला काही तपशील गाळून तो पाठवला जातो, आणि नॉइज कॅन्सलिंग चालू असलं तर बेसचं गणित त्याचं ते ठरवतं. शेवटच्या तपासणीला मात्र जरूर वापरा, ऐकणारे बरेचसे त्यावरच ऐकणार आहेत.

प्रश्न : बाई, मला यातलं काही कळत नाही, पण नातवानं हा अंक आणला म्हणून लिहिते. तो शेजारच्या खोलीत रात्री संगीत करतो. कानाला ते मोठं यंत्र लावतो, त्यामुळे गाणं एक ऐकू येत नाही. पण टेबल बोलतं. टक टक, टुक टुक, मध्येच धप्प. आणि हा मधूनच गुणगुणतो, ते तर माझ्या नेहमीच्या रेडिओपेक्षा मोठं. सांगितलं तर म्हणतो, ‘आजी, मी तर हेडफोन लावलेत!’ त्याला काही सांगा.
– पलीकडच्या खोलीतली आजी

उत्तर : आजी, सगळ्या पत्रांत तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं, आणि न्याय तुमच्या बाजूनं आहे. ‘हेडफोन लावलेत’ हे म्हणणं अर्धंच खरं असतं. स्पीकर बंद झाले तरी हात, पाय आणि तोंड चालूच असतात. बाकीचं आता त्याला सांगते, वाचून दाखवायला लावा.

बाबा रे, तू ज्या रबरी चौकटींवर बोटांनी ताल वाजवतोस, तो तुझ्या कानात किक म्हणून येतो, पण टेबलात ठोका म्हणून जातो. टेबल भिंतीला टेकलेलं असलं तर तोच ठोका भिंतीतून थेट आजीच्या पलंगापर्यंत. हवेतून जाणारा आवाज दार लावलं की कमी होतो, लाकडातून आणि विटांतून जाणारा होत नाही. म्हणून पहिलं काम, टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढ. दुसरं, कंट्रोलरखाली, म्हणजे त्या चौकटींच्या यंत्राखाली, जाड आणि मऊ काहीतरी घाल. पातळ रबरी चटई पुरत नाही, तळहातानं दाबल्यावर बोटभर खचेल असं हवं. कंट्रोलर त्यावर थोडा डुलेल, त्याची सवय होते. तिसरं, पॅडची, म्हणजे त्या रबरी चौकटींची, सेन्सिटिव्हिटी वाढव, म्हणजे हलक्या बोटानंही पूर्ण जोराचा आवाज येईल. बहुतेक कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये व्हेलॉसिटी कर्व्ह (बोटाच्या जोराला किती आवाज ते ठरवणारी) असते, ती रात्रीसाठी वेगळी साठवून ठेव. फोम किंवा उशी घेऊन खटपट करण्याआधी हे कर, फरक यानंच सगळ्यात जास्त पडतो. धप्प बहुधा तुझी टाच आहे. तालावर पाय आपटणं बंद होणार नाही, मला माहितीये, पण अनवाणी आणि गादीच्या तुकड्यावर आपट. खटखटणारा मेकॅनिकल कीबोर्ड असेल तर तो दिवसाला ठेव.

आता गुणगुणणं. एतियेन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११मध्ये लिहून ठेवलंय की कानावर आवाज पडत असला की माणूस आपोआप मोठ्यानं बोलतो. त्यात बंद हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज बाहेर किती जातोय हे कळत नाही. चाल सुचली तर एक कान मोकळा करून, ट्रॅक थांबवून, फोनमध्ये हळू गुणगुणून ठेव. ट्रॅक चालू ठेवून एक कप बाजूला सारलास तर त्या कपातून सगळं बाहेर सांडतं, तेही आजीला ऐकू येतं.

आजी, तुम्हाला एक विनंती. तो हेडफोनमध्ये असताना मागून खांद्यावर हात ठेवू नका, दचकून कुठलंतरी बटण दाबलं जातं आणि मग चिडचिड होते. दारातून दिवा एकदा लावून बंद केला की पुरे.

प्रश्न : भिंतींना अकूस्टिक फोम लावला तर रात्री स्पीकर वाजवता येतील का? हेडफोनचा कंटाळा आलाय.
– भिंतवाला

उत्तर : नाही. फोम खोलीतला आवाज खोलीत आपटून परत येऊ देत नाही, पण भिंतीतून जाणारा आवाज अडवायला वजन लागतं आणि हवाबंदपणा लागतो. ५० हर्ट्झच्या आवाजाची लाट सात मीटरच्या आसपास लांब असते. दोन इंच फोमचं तिला काय? भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी हिशोबानं सहा डेसिबलच पदरात पडतात, प्रत्यक्षात त्याहून थोडे कमी. फोमचे पैसे राखून ठेवा. कंटाळ्यावर उपाय म्हणजे दिवसा, बोलण्याच्या आवाजाएवढ्या पातळीवर, छोटे स्पीकर अगदी जवळ ठेवून अर्धा तास ऐकणं. त्यात बेस कळणार नाही, पण गायन, स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) आणि लीड यांचं आपसातलं माप हेडफोनपेक्षा बरं कळतं. हेडफोनवर मधोमधचा आवाज डोक्याच्या आत वाजतो आणि आहे त्यापेक्षा जवळचा वाटतो, म्हणून स्पीकरवर तो कधीकधी मागे गेलेला सापडतो.

प्रश्न : बाहेरच्या खोलीत टीव्ही, शेजारी भावंडांचा अभ्यास, त्यामुळे आवाज वाढवून काम करावं लागतं. हल्ली झोपताना कानात बारीक शिट्टी वाजते. थोडे दिवस विश्रांती घेतली की जाईल ना?
– शिट्टी

उत्तर : आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, हे पत्र नंतर वाचा. रोज झोपताना शिट्टी येत असेल तर ती तपासून घ्यायची गोष्ट आहे, ‘जाईल ना’ म्हणून थांबायची नाही.

पुढच्यासाठी हिशोब सांगते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकात मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८३वर २० तास, ८६वर १०, ८९वर ५. लक्षात घ्या, हा आठवड्याचा हिशोब आहे, त्यात प्रवासातलं ऐकणंही आलं. टीव्हीच्या वर ट्रॅक ऐकू यावा म्हणून नॉब फिरवला की दहा डेसिबल सहज वाढतात, आणि लक्षातही येत नाहीत. तुम्ही उघडे हेडफोन वापरत असाल तर ते तुमच्या घरासाठी नाहीतच. घट्ट बसणारे बंद हेडफोन घ्या. टीव्ही चालू असताना सँपल (आवाजाचे तयार तुकडे) निवडणं, फायलींना नावं देणं, मांडणी हलवणं अशी कामं करा, बॅलन्सला हात घालू नका. आणि हे सगळं डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

प्रश्न : हेडफोनचा आवाज सपाट करणारं सॉफ्टवेअर लावलंय, माझ्या मॉडेलची प्रोफाइल निवडलीये. तरी डावीकडे बेस कमी लागतो. कान तपासले, ठीक आहेत. हेडफोन बिघडलेत का?
– चष्मेवाला

उत्तर : हेडफोन उलटे घाला, डावा उजवीकडे. बेस अजूनही डाव्याच कानाला कमी वाटला तर हेडफोन ठीक आहेत आणि संशयित तुमच्या टोपणनावातच आहे.

बंद हेडफोनचा बेस पॅड आणि डोकं यांच्यामधल्या हवाबंद जागेवर अवलंबून असतो. चष्म्याची काडी पॅडखालून जाते आणि तिथे छोटीशी फट राहते. त्या फटीतून बेस निसटतो, वरच्या फ्रीक्वेन्सींना विशेष काही होत नाही. तुमची एक काडी किंचित वाकलेली असेल, तर एकाच बाजूला जास्त फट. खात्री करायची तर एकसारखी चालणारी सब-बेसची नोट लावा आणि डावा कप तळहातानं हलकेच दाबा. बेस एकदम भरून आला तर निदान झालं. आता चष्मा काढून ऐका, मग चष्मा घालून.

सॉफ्टवेअरला हे कळणं शक्य नाही. सोनारवर्क्स असो की फुकटचं ऑटोईक्यू, त्यातली प्रोफाइल मोजणीच्या कृत्रिम डोक्यावर बसवलेल्या हेडफोनची असते, आणि ते डोकं चष्मा लावत नाही. आवाज कसा असावा याचं लक्ष्य म्हणून बऱ्याचदा हरमन या ऑडिओ कंपनीची कर्व्ह घेतात. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी बऱ्याच ऐकणाऱ्यांना कोणता आवाज आवडतो ते तपासून ती काढली. सॉफ्टवेअर वाईट नाही, मीही वापरते. पण एकदा लावलं की लावलेलंच ठेवा. आज चालू, उद्या बंद असं केलं तर कानाला कशाचीच ओळख राहत नाही.

फटीवर उपाय साधे आहेत. मिक्सिंगसाठी पातळ धातूच्या काड्यांचा चष्मा वापरा. किंवा संगणकाच्या अंतरापुरता चष्म्याशिवाय भागत असेल तर तो बाजूला ठेवा. नाहीतर जाड आणि मऊ पॅड घ्या, काडीभोवती नीट बसतील असे. जुने पॅड कडक झालेले, चिरलेले असतील तर तसेही बदलायला आलेत. पॅड बदलले की हेडफोनचा आवाजही बदलतो, आणि मूळ कंपनीचे नसतील तर जुनी प्रोफाइल लागू पडत नाही, तेव्हा ओळखीचे दोन-तीन ट्रॅक निवांत ऐकून मगच अर्धवट राहिलेल्या मिक्सला हात घाला.